पवित्र शास्त्र आणि मानसशास्त्र: वर्गात श्रद्धा कुठवर न्यावी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नेट झालं, नगर जिल्ह्यातल्या अनुदानित महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवण्याचं दुसरं वर्ष चालू आहे, घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. पीएच.डी.च्या मुलाखतीत 'प्रार्थना आणि मानसिक स्वास्थ्य' असा विषय सांगितला, तेव्हा समितीतल्या एकांनी विचारलं, "संशोधन करणार की प्रचार?" त्याच आठवड्यात तुमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले की मानसशास्त्र माणसाला देवापासून दूर नेतं. तुम्ही विचारता, श्रद्धा फाटकाबाहेर ठेवूनच आत जायचं का? आणि शेवटी एक छोटा प्रश्न: प्रबंधाच्या ऋणनिर्देशात प्रभूचं नाव घातलं तर चालेल का?

मी एकतीस वर्षं अनुदानित महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झाले. माझं घरही तुमच्यासारखंच. आमच्याकडे नुसतं 'शास्त्र' म्हटलं की पवित्र शास्त्र, बायबल. वडील रोज संध्याकाळी विचारायचे, "शास्त्र वाचलंस का?" एम.ए.ला मानसशास्त्र घेतलं तेव्हा आजी म्हणाली, "आता हे आणि कुठलं शास्त्र?" तिला समजेल असं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी तेच उत्तर थोडंथोडं शोधत होते, म्हणून हे जरा लांबेल.

तुम्हाला वाटतंय की खरा प्रश्न श्रद्धा आणि विज्ञान यांचं जुळतं का, हा आहे. तो मोठा प्रश्न आहे, पण तो सुटला तरी तुमची अडचण राहीलच. मुलाखतीतले सर आणि पाळकसाहेब दोघांनाही एकच भीती आहे: हा माणूस एका घरचं मीठ खाऊन दुसऱ्या घरचं काम करेल. ती भीती अगदी निराधार नाही, असं घडताना मी पाहिलं आहे. म्हणून मी प्रश्न वेगळा मांडते. आपण ज्या खोलीत आहोत तिथे आपल्या हातात कोणती सत्ता आहे, आणि समोरच्याने नेमका कशाला होकार दिला आहे? वर्गात तुमच्या हातात गुण असतात. समुपदेशनाच्या खोलीत एखाद्याचा सगळ्यात हळवा क्षण असतो. संशोधनात निष्कर्ष असतो, मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, लोकांचा भरवसा असतो. या चारही ठिकाणी श्रद्धा आत येते, पण प्रत्येक ठिकाणी तिची वागणूक वेगळी असायला हवी.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी सांगते, कारण बाहेरचं वाचून इथेच गोंधळ होतो. अमेरिकेत श्रद्धा आणि मानसशास्त्र एकत्र आणण्याच्या कामाला स्वतःचं घर आहे. तिथल्या ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञांची संघटना १९५६ पासूनची. पॅसाडेनाच्या फुलर सेमिनरीने, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षण संस्थेने, १९६५ मध्ये मानसशास्त्राचं स्वतंत्र विद्यालय काढलं. 'जर्नल ऑफ सायकॉलॉजी अँड थिऑलॉजी' १९७३ पासून निघतंय. तिथल्या कित्येक ख्रिस्ती महाविद्यालयांत प्राध्यापक नेमणुकीच्या वेळीच आपला ख्रिस्ती विश्वास मान्य करणाऱ्या निवेदनावर सही करतात, आणि मुलंही हे माहीत असूनच प्रवेश घेतात. तास प्रार्थनेने सुरू झाला तर कुणाची फसवणूक होत नाही.

आपल्याकडे तसं नाही. राज्यघटनेच्या २८व्या कलमाप्रमाणे, पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवण्याचा हक्क दिला आहे, पण संस्था ख्रिस्ती व्यवस्थापनाची असली म्हणून तुमच्या तासाला बसलेली साठ मुलं चर्चमध्ये आलेली नसतात. ती सामाजिक मानसशास्त्राच्या पेपरला आलेली असतात. तुम्ही सेमिनरीत पाळकीय समुपदेशन शिकवत असता तर माझं उत्तर वेगळं असतं. पुढचं सगळं अनुदानित महाविद्यालय धरून आहे.

वर्गापासून सुरू करते. पहिल्या वर्षी मी अभ्यासक्रमातला एक प्रयोग मुद्दाम घाईघाईत उरकला. डार्ली आणि बॅट्सन यांनी प्रिन्स्टनमध्ये केलेला आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात धर्मशिक्षण घेणारे चाळीस विद्यार्थी होते. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. काहींचा विषय होता चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्याची येशूने सांगितलेली गोष्ट; काहींचा नोकरीच्या संधी. काहींना सांगितलं की उशीर झालाय, पळा. काहींना सांगितलं की वेळ आहे. वाटेत एक माणूस दारात कोसळून कण्हत पडलेला. घाई असलेल्यांपैकी १० टक्के थांबले, निवांत असलेल्यांपैकी ६३ टक्के. मनात शोमरोन्याचा दाखला घोळत होता की नोकऱ्या, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

मला लाज वाटली होती, म्हणून तो उरकला. दुसऱ्या वर्षी ठरवलं की पूर्ण तास याच्यावर घ्यायचा. तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, हा प्रयोग तुमच्या धर्माच्या विरुद्ध जातो ना?" वर्ग गप्प झाला. मी म्हणाले, "विचारलंस म्हणून सांगते. त्या दाखल्यात जखमी माणसाला ओलांडून जाणारे दोघे कोण आहेत? एक याजक म्हणजे पुरोहित, एक लेवी म्हणजे मंदिराचा सेवक. धर्म जाणणारा माणूसच पुढे निघून जातो, हे येशूने आधीच सांगून ठेवलंय." आणि लगेच फळ्याकडे वळून 'घाई' हा स्वतंत्र चल, म्हणजे संशोधकाने मुद्दाम बदललेला घटक, कसा हाताळला ते लिहायला लागले. दोन-चार वाक्यं, तीही विचारल्यावर. उत्तरपत्रिकेत त्यांचं काही काम नव्हतं. त्या तासापासून मी एक ठरवलं: माझ्या श्रद्धेला बोचणारा अभ्यास मी सगळ्यात नीट शिकवणार. मुलांना तुमची निष्ठा त्यातून कळते, सांगावी लागत नाही.

अल्बर्ट एलिसचंही तसंच. अविवेकी समजुती बदलून मनाचा त्रास कमी करणारी त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडक्यांमुळे घराघरांत पोचली, पण एलिस स्वतः कट्टर निरीश्वरवादी होते हे मुलांना माहीत नसतं. १९८० मध्ये त्यांनी धार्मिक मूल्यांची बाजू मांडणारे मानसशास्त्रज्ञ बर्गिन यांना उत्तर देताना कडवी धार्मिकता आणि भावनिक अस्वास्थ्य यांची सांगड घातली. पुढे २००१ मध्ये त्याच एलिसनी दोन सहलेखकांबरोबर, श्रद्धाळू क्लायंटांसाठी ही पद्धत कशी वापरावी यावर पुस्तक लिहिलं. मी दोन्ही शिकवायची. पहिलं वगळणं अप्रामाणिकपणा आणि दुसरं वगळणंही.

आता संशोधन, तुमचा खरा पेच. माझं मत असं, की प्रश्न श्रद्धेने खुशाल निवडावा, उत्तर मात्र पद्धतीवर सोडावं. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट चर्चला जाणारे गृहस्थ होते. चर्चला जाणाऱ्यांमध्ये पूर्वग्रह जास्त दिसतो ही गोष्ट त्यांनी झाकली नाही, तिच्याच मागे लागले. १९६७ मध्ये रॉस यांच्याबरोबर त्यांनी धर्म जगणारे आणि धर्म वापरणारे असा भेद मोजून दाखवला. त्या भेदावर पुढे टीकाही खूप झाली. पण त्रासदायक निरीक्षणापासून सुरुवात करायची त्यांची रीत तुमच्या कामाची आहे.

क्षमेचा विषय बघा. विस्कॉन्सिनचे रॉबर्ट एनराइट आणि व्हर्जिनियाचे एव्हरेट वर्दिंग्टन, दोघेही श्रद्धावान आणि दोघेही सरकारी विद्यापीठांत. १९८० च्या दशकापर्यंत क्षमा हा प्रवचनाचा विषय होता. यांनी तिला मोजपट्टी लावली. वर्दिंग्टन यांच्या आईचा १९९६ च्या नववर्षाच्या सुमारास घरफोडीत खून झाला, तेव्हा ते क्षमेवर आधीपासूनच काम करत होते. त्यांच्या पद्धतीची स्वतःच सोडवायची कार्यपुस्तिका पुढे पाच देशांत साडेचार हजारांवर लोकांना देऊन तपासली गेली, आणि चिंता व नैराश्याची लक्षणं कमी झालेली दिसली. ही प्रेरणा चर्चमधून आली म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, आणि खराही ठरत नाही. तो ठरतो तुलनेच्या गटावरून, म्हणजे ज्यांना ती पुस्तिका अजून दिलेली नाही त्यांच्याशी ताडून.

इथे आपल्या मराठीकडे एक गोष्ट आहे जी मला इंग्रजी निबंधांत सापडली नाही. प्रभूची प्रार्थना आपण लहानपणापासून म्हणतो: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." आपल्याकडे क्षमेचा शब्द 'ऋण सोडणं' हा आहे. संशोधक वर्षानुवर्षं बजावतात की क्षमा म्हणजे चूक बरोबर ठरवणं नव्हे, आणि क्षमा केली म्हणजे संबंध पूर्ववत झालेच पाहिजेत असंही नव्हे. सावकारीने पिचलेल्या भागात हे समजावायला एक वाक्य पुरतं: ऋण सोडलं म्हणजे ऋण नव्हतंच असं होत नाही, आणि पुन्हा उधार द्यायलाच हवं असंही होत नाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "क्षमा कर आणि नांदायला जा" असं सांगणारे लोक मंडळीतही आहेत आणि बाहेरही. त्या बाईला हा फरक कळणं हा जिवाचा प्रश्न असतो. तुम्ही नगरसारख्या ठिकाणी बसून या शब्दावर काम केलंत, तर ते प्रार्थनेने मन शांत होतं का या विषयापेक्षा कितीतरी मोलाचं होईल.

शब्दांवरून आठवलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पार्गामेंट यांची धार्मिक मुकाबल्याची, म्हणजे संकटात माणूस श्रद्धेकडे कसा वळतो हे मोजणारी, छोटी प्रश्नावली आहे, चौदा विधानांची: सात देवाच्या आधाराची, सात देवाशी झगड्याची. तिचं मराठी करताना एका विधानाचं मी केलं, "देवाने मला टाकलं आहे का, असं वाटलं." पूर्वचाचणीला एक चाळिशीच्या बाई होत्या. त्या विधानाशी आल्या आणि पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, "देवानं नाही हो टाकलं. मालकानं टाकलं." मी 'टाकणं' हा शब्द देवाच्या संदर्भात निवडला होता, पण खेड्यातल्या बाईच्या कानाला तो एकाच अर्थाने ऐकू येतो. मोजायचं होतं एक आणि मोजलं जात होतं दुसरंच. विधान बदललं. पुढे मला जाणवलं की वधस्तंभावरचं येशूचं वाक्य हेच आहे, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" आपल्या मंडळीत असं वाटणं हे विश्वास डळमळल्याचं लक्षण मानतात, कुणी बोलत नाही. पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ५९६ वयस्क रुग्णांचा दोन वर्षं पाठपुरावा करून दाखवलं होतं की असा झगडा मनात असणाऱ्यांना मृत्यूचा धोका अधिक दिसला. म्हणजे ज्याबद्दल आपण गप्प बसतो तेच विचारायला हवं. हा प्रश्न मला श्रद्धेनेच सुचवला, आणि त्याचं उत्तर श्रद्धेला गोड लागणारं नव्हतं.

एक व्यवहाराची अडचण तुम्हाला येणारच. माझं आडनाव ऐकलं की मंडळीतली माणसं प्रश्नावली भरताना चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिल्यासारखी उत्तरं द्यायची. "प्रभूने सगळी चिंता काढून टाकली." आणि दुसऱ्या धर्माची माणसं सावध व्हायची, ही आपल्याला कशात तरी ओढते की काय म्हणून. दोन्हीकडून आकडे वाकडे. मग माहिती गोळा करण्याचं काम दोन विद्यार्थिनींना दिलं, एक हिंदू, एक मुस्लिम. नाव न लिहिता प्रश्नावली बंद पेटीत टाकायची. आणि विश्लेषण सुरू करण्याआधी एका कागदावर लिहिलं, कोणता निकाल आला तर मी माझं गृहीतक सोडेन. तो कागद पाकिटात घालून विभागातल्या एका निरीश्वरवादी सहकाऱ्यांकडे ठेवायला दिला. आता असं गृहीतक आधीच नोंदवून ठेवायची, म्हणजे ऑनलाइन पूर्वनोंदणीची, सोय आहे, ती वापरा. पण असा एक सहकारीही जोडा. माझ्या लिखाणातली पाठराखण ते पहिल्या वाचनात पकडायचे. कुठल्याही मार्गदर्शकापेक्षा मी त्यांच्याकडून जास्त शिकले.

समुपदेशनाबद्दल थोडक्यात, पण हे मनावर घ्या. नोकरीच्या चौथ्या वर्षी एक मुलगी माझ्याकडे यायची, घरच्या भांडणांनी खचलेली. एकदा ती फार रडली आणि मी न विचारता तिचा हात धरून प्रार्थना केली. ती गप्प बसून राहिली, "थँक्यू मॅडम" म्हणाली आणि परत कधी आली नाही. वाईट हेतू नव्हता, पण ती नाही म्हणूच शकत नव्हती. तिच्या अंतर्गत मूल्यमापनाचे गुण माझ्या हातात होते. त्यानंतर विद्यार्थ्याने स्वतःहून मागितल्याशिवाय त्या खोलीत मी कधीही प्रार्थना केली नाही. उलट बाजूही लक्षात असू द्या. तुमच्यासमोर बसलेला वारकरी असो, नमाजी असो, त्याच्या श्रद्धेला आजार समजू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही, एखाद्याच्या श्रद्धा त्याच्या समाजाशी जुळत नाहीत एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवायला मनाई केली आहे. आणि एम.ए. झाल्याने आपण चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होत नाही, त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. वेळेवर पुढे पाठवणं हीसुद्धा सेवाच आहे.

पाळकसाहेबांशी वाद घालू नका. त्यांच्या अडचणीत उभे राहा. आमच्या मंडळीतला एक तरुण स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांवर बरा चालला होता. उपवास-प्रार्थनेत कुणीतरी सांगितलं की गोळ्या म्हणजे अविश्वास, आणि आईने त्या बंद केल्या. मी घरी गेले तेव्हा गोळ्यांची पट्टी तिच्या शास्त्रात खूण म्हणून ठेवलेली होती, स्तोत्रसंहितेच्या पानांत. फेकून द्यायला तिचं मन धजलं नव्हतं. मी पाळकांना बरोबर घेऊन गेले, एकटी गेले नाही. त्यांनी त्या पट्टीतली एक गोळी काढून मुलाच्या हातावर ठेवली, पाणी दिलं आणि मग प्रार्थना केली. मी तासभर मेंदूतलं डोपामाइन समजावून सांगितलं असतं तरी तसं झालं नसतं. पुढच्या रविवारी त्यांनी उपासनेत स्वतःच्या मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल सांगितलं. तुमच्या पाळकांना मानसशास्त्राची बाजू पटवू नका. त्यांच्याकडे रात्री अकराला येणारे फोन कसले असतात ते विचारा. तिथून सुरुवात होईल.

मुलाखतीतल्या सरांना काय सांगायचं? त्यांचा प्रश्न अपमान म्हणून घेऊ नका, चांगल्या परीक्षकाने तो विचारायलाच हवा. 'प्रार्थना आणि मानसिक स्वास्थ्य' हा विषय आहे तसा कच्चाच आहे. कोणती प्रार्थना, एकट्याने की मंडळीत? जी माणसं नियमित उपासनेला जातात त्यांना शेजारधर्म, आठवड्याच्या भेटी, अडीनडीला धावून येणारी माणसं मिळतात. सुधारणा त्याने झाली की प्रार्थनेने, हे वेगळं कसं काढणार? शिवाय मन थाऱ्यावर असलेली माणसंच उपासनेला टिकत असतील तर? पुढच्या वेळी पहिल्याच पानावर लिहा: माझी पार्श्वभूमी ही, त्यामुळे माझा कल या बाजूला असू शकतो, तो रोखण्यासाठी मी अमुक अमुक करणार, आणि असा निकाल आला तर माझं गृहीतक चुकलं असं मी मान्य करेन. हे चार मुद्दे वाचल्यावर 'प्रचार' हा शब्द कुणी सहज काढणार नाही. काढला तर तुमच्याकडे उत्तर असेल. मार्गदर्शक शक्यतो दुसऱ्या विचाराचे निवडा. आपल्याकडे ख्रिस्ती माणसाने धर्माचा विषय घेतला की शंका घेतली जाते, ते अन्यायाचं वाटतं, वाटू द्या. पण तुमची पद्धत इतरांपेक्षा चोख असेल तर ती तुमच्याच कामी येते.

राहता राहिला ऋणनिर्देश. घाला. ते पान तुमचं आहे, तिथे कुणाचा होकार लागत नाही. मी माझ्या प्रबंधात आईवडील, मार्गदर्शक, ते पाकीट सांभाळणारे सहकारी आणि प्रश्नावली भरणाऱ्या बायांच्या नंतर शेवटच्या ओळीत प्रभूचं नाव लिहिलं होतं. मौखिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक ते पान उघडून क्षणभर थांबले, वाचलं, आणि पुढे उलटून त्या एका विधानावर आले. "हे 'टाकलं' तुम्ही का बदललंत?" त्यांनी विचारलं, आणि मी त्यांना त्या पेन्सिल खाली ठेवणाऱ्या बाईंबद्दल सांगितलं.